खांडेनवमीचे पाटे

बाबांचा ट्रक गावाअलीकडच्या नाल्यावर आला की माय तवा चुलीवर टाकायची. इंजिनाचा आवाज नंतर यायचा. त्याच्या आधी ऐकू यायची ती मागच्या कमानींची करकर. नाल्यावरचा खड्डा ओलांडताना ती एकदा वर चढायची, एकदा खाली उतरायची, आणि रिठदच्या आमच्या टोकाला राहणाऱ्या सगळ्यांना कळायचं की किसनभाऊ जेवायला आले. पहिली भाकर फुगेपर्यंत ट्रक घरामागच्या वाडग्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या मोकळ्या आवारात, काट्यांच्या कुपाटीला लागून उभा झालेला असायचा. बाबा हातपाय धुऊन आत यायचे आणि बसायच्या आधी ताटात काय आहे ते पाहायचे. बहुतेक वेळा अंबाडीची भाजी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि ताक. त्यांना त्याहून वेगळं काही लागत नसे, पण पाहायची सवय होती. कित्येक वर्षं धाब्यावर जेवलेल्या माणसाची ती सवय होती, हे मला फार उशिरा समजलं.

कारण त्याआधी बाबा अकोल्याच्या एका शेठकडे गाडीवर होते. लांबच्या लांब खेपा असायच्या. महिना महिना तोंड दिसायचं नाही. माझ्या लहानपणी बाबा म्हणजे अधूनमधून येणारा आणि दोन दिवस झोपून काढणारा पाहुणा होता. तो झोपलेला असताना आम्ही भांडीसुद्धा हळू ठेवायचो. मग शेठनं आपला एक जुना सहाचाकी ट्रक विकायला काढला आणि बाबांनी तो घेतला. घेतला तेव्हाच तो थकलेला होता. पण तो घरचा होता आणि संध्याकाळी घरी येत होता, एवढं मायला पुरे होतं. पावसाळ्यात वाशिमहून खताची पोती गावोगावच्या दुकानांत टाकायची, दसऱ्यानंतर सोयाबीन रिसोडच्या बाजारात न्यायचं, उन्हाळ्यात विटा आणि रेती. यावर आमचं घर चालत होतं. बाकी मायचं माळव्याचं रान होतं, विहिरीजवळचं, वांगी-मिरची-मेथीचं. रिसोडच्या बाजाराच्या दिवशी त्यातल्या टोपल्याही ट्रकमध्ये चढायच्या.

आणि मी रिसोडच्या कॉलेजात होते. बी.ए.चं शेवटचं वर्ष. हे मी जरा मोठ्यानं सांगते, त्याला माझा इलाज नाही. आमच्या घरात, मोठ्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या, घरात आणि मायच्या माहेरी, तिन्हीकडे मिळून कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. सकाळची एसटी चुकू नये म्हणून मी धावत जायचे तेव्हा पाराजवळ बसलेले लोक पाय मागे घ्यायचे. काही जण कौतुकानं घ्यायचे, काही जण तोंड वाकडं करून. पण घ्यायचे.

ट्रकच्या कमानीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, लोखंडाच्या लांब वाकवलेल्या पाट्यांची जुडी असते. सगळ्यात लांब पाटा वर, त्याखाली जरा तोकडा, त्याखाली अजून तोकडा. मधून एक बोल्ट सगळ्यांना शिवून धरतो आणि इंग्रजी यूच्या आकाराचे जाड बोल्ट ती जुडी खालच्या आसाला आवळून ठेवतात. गाडीचा सगळा भार या दोन जुड्यांवर असतो. आमच्या जुड्यांमध्ये वर्षानुवर्षं खताची भुकटी जाऊन बसली होती. पावसाचं पाणी तिच्यात मुरायचं आणि लोखंड आतून खायचं. बाबा वरून जळकं ऑइल ओतायचे, पण ते वरच्यावर राहायचं. त्या वर्षी पोळा झाल्यावर एका खेपेत उजवीकडचा पाटा मोडला. खाली वाकून पाहिलं तर बाकीचेही गंजून फुगले होते आणि गाडी म्हातारीसारखी एका अंगाला बसली होती.

नेमकं गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, जवळ आलं होतं. अशा कमानींवर पासिंग होणार नाही हे सांगायला कोणी लागत नव्हतं, आणि पासिंग नाही तर सोयाबीनचा हंगाम नाही. रिसोडच्या मिस्त्रीकडे हंगामाच्या तोंडावर गाड्यांची रांग लागली होती; त्यानं दिवाळीनंतर बघू म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात अकोल्याहून शेठचा निरोप आला. त्यांचा एक ड्रायव्हर सोडून गेला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी युनूसभाई जालन्याकडे गाडी घेऊन रिठदवरून जाणार होते, त्यांच्यासोबत निघून यायचं आणि कामाला लागायचं, जागा राखून ठेवली आहे. युनूसभाई म्हणजे शेठकडचे बाबांचे जुने जोडीदार.

बाबांनी हा निरोप चुलीजवळ बसून सांगितला. माय पीठ मळत होती.

“दसऱ्यापर्यंत गाडी उभी राह्यली तं ठीक,” ते म्हणाले. “नाई तं मी जातो युनूससंगं. दुसरं काय करू.”

मायनं पिठाचा गोळा उलटा करून पुन्हा मळायला घेतला. त्या दिवशीच्या भाकरी कडेला चिरल्या होत्या.

बाबा गेले तर काय होणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. विहिरीवरची मोटर दिवसा लाईट असेल तेव्हा चालू करायची, वाफ्यांत पाणी वळवायला दारं मोडायची, माळवं तोडायचं आणि बाजाराला न्यायचं, हे एकट्या मायचं काम नव्हतं. मोठ्या बाबांनी ते बोलूनही दाखवलं. शेवटचं वर्ष घरी बसूनही करता येते म्हणे, परीक्षेपुरतं गेलं तरी चालते. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण घरी बसून वर्ष करणाऱ्या मुलींचं पुढे काय होतं ते मी गावात पाहिलेलं होतं. त्यांची आधी पुस्तकं माळ्यावर जायची आणि मग त्या सासरी जायच्या.

तेव्हा गाडी आम्हीच उघडायची असं ठरलं. बाबा ड्रायव्हर होते, मिस्त्री नव्हते, पण इतकी वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसानं कमान उघडताना पुष्कळदा पाहिलेली असते. मी कॉलेजला दांडी मारली. वाडग्यात बाभळीचे ओंडके रचून आम्ही गाडीचा मागचा भाग वर टेकवला, आसाखाली जॅक लावला आणि सगळ्या नटांवर रॉकेल आणि जळकं ऑइल ओतून रात्रभर सोडून दिलं. सकाळी पान्याला लांब पाईप अडकवून बाबा आणि मोठे बाबा लोंबकळले, तरी नट हलला नाही. गंजानं नट आणि बोल्ट एकच करून टाकले होते. शेवटी बाबांनी आरीपत्ता काढला आणि यू बोल्ट कापायला सुरुवात केली. त्यांचा दंड भरून आला की मी कापायचे. आडवं झोपून कापताना लोखंडाचा भुसा डोळ्यांत यायचा, म्हणून मायनं माझी ओढणी कपाळावरून भुवयांपर्यंत बांधून दिली होती. मोठे बाबा बाजेवर बसून तंबाखू मळत होते.

“काय वं सुमे, बी.ए.ले हाच विषय घेतला काय तू?”

“हो मोठे बाबा. याची परीक्षा दसऱ्याले हाय.”

“अन् पेपर तपासते कोण?”

“आरटीओ,” खालून बाबा म्हणाले, आणि खूप दिवसांनी हसले.

एकेक जुडी खाली आली तेव्हा आम्ही छन्नीनं पाटे वेगळे केले. त्यांच्या मधून गंजाचे पापुद्रे निघाले, जुन्या पापडासारखे, हातात घेतले तरी मोडणारे. काही पाटे इतके खाल्ले गेले होते की कडेला बोट लावलं तर धार लागायची. बाबा अकोल्याला जाऊन भंगारबाजारातून त्या मापाचे चांगले पाटे, नवे यू बोल्ट आणि पिना घेऊन आले. जे जुने पाटे चालण्यासारखे होते ते ठेवायचे, बाकीचे बदलायचे. सगळे पाटे ताडपत्रीवर मांडले, उजवीकडचे कुपाटीच्या बाजूला आणि डावीकडचे हौदाच्या बाजूला. बाबांनी मला प्रत्येकावर खडूनं लिहायला लावलं. पुढच्या टोकाला ‘पु’, मागच्या टोकाला ‘मा’. कशाला, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले की मिस्त्री लोक असंच करतात, जसं निघालं तसंच बसवतात. भंगारातून आलेले पाटे त्यांनी जुन्या पाट्यांवर ठेवून, भोकावर भोक जुळवून पाहिले आणि त्यांच्यावरही मला तशीच अक्षरं काढायला सांगितली. त्याहून जास्त त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सगळं बसवायला तयार झालं आणि खांडेनवमी आली.

आमच्याकडे नवमीला लोखंडाला हात लावत नाहीत. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, पाने, पहार, जे जे वर्षभर कामाला येतं ते धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून मांडायचं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली की मग उचलायचं. शहरात राहणाऱ्या माझ्या नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं की तुम्ही त्या दिवशी भाजी कशी चिरायचात. विळी चालायची बहुतेक. बायकांच्या हत्यारांना सुटी नव्हती.

मायचं म्हणणं होतं की उघडलेले पाटे यंदा पूजेत घेऊ नयेत. ती म्हणाली, जॅक आणि पाने मांडा, तो पसारा आहे तसा राहू द्या. बाबांनी ऐकलं नाही. वर्षभर ज्याच्या जिवावर खाल्लं ते बाहेर टाकून पान्यांची पूजा कशी करायची, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या म्हणण्यात मलाही तथ्य वाटलं. गाडी वाचावी म्हणून जे काही करता येईल ते आम्ही करत होतो आणि पूजा त्यातच आली. तेव्हा माय आणि मी पाटे हौदावर नेले. राख आणि नारळाच्या काथ्यानं घासले, चिंचेच्या कोळानं पुसले. गंजाचा लाल रंग जाऊन खालचं काळसर लोखंड निघालं. मायचा हात मांडणीला फार चांगला होता. गौरींपुढची आरास पाहायला बायका आमच्या घरी यायच्या. तिनं सगळे पाटे भिंतीशी उंचीप्रमाणे लावले, लांब मागे, तोकडे पुढे, पायऱ्यांसारखे, मधोमध जॅक आणि दोन्ही अंगांना पहारी. प्रत्येक पाट्याच्या मधल्या भोकात झेंडूचं एकेक फूल खोवलं. शेजारपाजारचे पाहून गेले. मोठे बाबा म्हणाले की एवढा थाट त्यांच्या लग्नातही नव्हता.

दसऱ्याला सकाळी पूजा उरकली आणि आम्ही कामाला लागलो. खडूच्या खुणा अर्थात धुऊन गेल्या होत्या. बाबांनी त्याकडे पाहिलं, जरा थांबले, आणि मग म्हणाले की लांबावर तोकडा, त्यात चुकायचं काय आहे. दोन्ही टोकांचे डोळे, म्हणजे पिना जिथे बसतात ते वळे, सारखेच दिसत होते. जुड्या बांधल्या, पहारीनं उचलल्या, पिना ठोकल्या, नवे यू बोल्ट आवळले. काम इतकं सुरळीत झालं की दुपारी जॅक काढताना मोठे बाबासुद्धा टोमणा विसरले. गाडी दोन्ही अंगांनी सारखी उंच उभी राहिली. मी तिला अशी कधी पाहिलीच नव्हती. आतून पुरणाचा वास येत होता. बाबा म्हणाले, मारुतीपर्यंत चक्कर मारून येतो आणि मग जेवू.

गाडी रस्त्याला लागली आणि आमच्या लक्षात आलं. तोंड मारुतीच्या देवळाकडे होतं आणि मागचं धूड शेताकडे निघालं होतं. रस्त्याच्या धुळीत पुढच्या चाकांचा माग एकीकडे आणि मागच्यांचा दुसरीकडे उमटत होता. दसऱ्याचं सोनं वाटायला निघालेले लोक थांबून पाहू लागले.

“किसना,” मोठे बाबा म्हणाले, “गाडी लाजून राह्यली काय रे? आंग चोरून चालते ते.”

लोक हसले. बाबा हसले नाहीत. गाडी वळवून त्यांनी वाडग्यात आणून लावली आणि खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाकली म्हणाले. इतकी वर्षं भार सोसून सोसून चेसिसच वाकली आणि आता ती भंगारातच घालायची. आत जाऊन त्यांनी खुंटीवरची रेक्झीनची बॅग काढली आणि मायला सांगितलं, दोन सदरे आणि एक चादर घाल. त्या दिवशी पुरणपोळी प्रत्येकानं पानावरून उठण्यापुरती खाल्ली. दूर कुठेतरी हडंबा, म्हणजे सोयाबीन काढायचं यंत्र, सणाच्या दिवशीही घरघरत होता. लोकांचा हंगाम सुरू झाला होता.

मी संध्याकाळी माझी पुस्तकं आवरून ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळी बाबा दाढी करायला बसले आणि माय चहा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली. तिनं कप खाली ठेवला नाही.

“अवो, चेसिस वाकली असती तं ते आधीपासून वाकडी चालली असती का नाई?”

“म्हंजे?”

“उघडायच्या आधी तं करकरत का होईना, सरळच येत होती. मी रोज पाहून राह्यली ना रस्त्यावरून येतांनी. आपण जे बदललं त्यातच काही हाय. चेसिसले कोणी हात लावला?”

बाबांनी अर्धी दाढी झालेल्या तोंडानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तोंड न पुसताच वाडग्यात गेले. आम्ही सुतळी घेतली. पुढच्या पिनेपासून आसापर्यंत उजवीकडे माप घेतलं, गाठ मारली आणि तीच सुतळी डावीकडे लावली. गाठ आसाच्या मागे गेली, चांगली दोन बोटं. डावीकडचा आस पुढे सरकून बसला होता. सरकला कशानं ते कळेना. तेव्हा बाबांनी कुपाटीला टाकून दिलेला मोडका पाटा उचलला. त्याचा मोडलेला तुकडा जुळवून ठेवला आणि मधल्या भोकापासून दोन्ही टोकांपर्यंत सुतळी धरली. भोक मधोमध नव्हतंच. त्या न धुतलेल्या पाट्यावर अजून टिकून असलेल्या खडूच्या अक्षरांप्रमाणे पुढची बाजू जरा लांब होती आणि मागची जरा तोकडी. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. डावीकडची अख्खी जुडी आम्ही उलट्या तोंडानं बसवली होती.

माय कुपाटीपाशी उभी होती.

“म्हंजे मी ते मांडले अन्—”

“तू नाई,” बाबा म्हणाले. “तू तं नको म्हणत होती. मीच म्हणलं पूजेत घ्या म्हून.” आणि पान्यांची पेटी ओढत म्हणाले, “चाल सुमे. युनूस येईपर्यंत जेवढं होईन तेवढं करू.”

यावेळी नट नवे होते, हातानं फिरले. पण गाडी पुन्हा ओंडक्यांवर चढवायची, जुडी काढायची, फिरवायची आणि मधल्या बोल्टचं डोकं आसावरच्या खोबणीत नेमकं बसवायचं, या सगळ्याला वेळ लागतो. बाबा गाडीखाली उताणे झोपून दोन्ही हातांनी जुडी धरून होते. माय पहार दाबून होती. मी जॅकवर होते. जॅक एक दांडा वर घेतला की खोबण पुढे जायची, खाली घेतला की मागे. बाबा खालून ‘जरासा’, ‘अजून जरासा’, ‘ठेव’ असं सांगत होते. तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न आला. शेठच्या गाड्यांना सुरांचे हॉर्न होते, एका दमात चार-पाच सूर वाजायचे, आणि लहानपणी तो हॉर्न ऐकला की मी उड्या मारत रस्त्यावर जायचे.

तिघंही जागच्या जागी थांबलो.

“सुमे,” बाबा खालून म्हणाले, “जाय. त्याले म्हण थांब थोडासा. च्या पाज. हे कसं बसते ते पाहू, मंग सांगतो मी त्याले.”

जॅकखाली लाकडी गुटका सारून मी गेले. हात कोपरापर्यंत काळे होते. युनूसभाई केबिनमध्ये बसल्या बसल्या दार उघडून वाट पाहत होते. मला पाहून खाली उतरले. चांगला माणूस होता. बाबा घरी नसताना आमच्या घरी निरोप आणायचा तो हाच.

“काय बेटा, बाबा कुठी हाय? बॅग नाई आणली?”

मी सांगितलं की बाबा गाडीखाली आहेत. त्यांनी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. माल वेळेत पोचवायचा होता, थांबता येणार नव्हतं. शेठनं सांगितलं होतं की आज किसन आला नाही तर जालन्याहून परतताना दुसरा माणूस बसवून आण.

आता बाबांनी मला जे सांगायला पाठवलं होतं ते मला पाठ होतं. थांबा, चहा घ्या, मग बाबा सांगतील. आणि बाबा काय सांगतील तेही मला ठाऊक होतं. त्यांनी शेठला आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. युनूसभाई समोर उभे राहिले असते आणि खोबण तोवर बसली नसती, तर बाबा उठले असते, हात पुसले असते आणि बॅग घेऊन केबिनमध्ये चढले असते. गाडी तशीच ओंडक्यांवर राहिली असती. पाटा उलटा होता हे आता कळलं होतं. आज नाही तर उद्या ती सरळ होणारच होती. अडचण फक्त बाबांच्या तोंडून न निघणाऱ्या एका शब्दाची होती.

“बाबा येत नाई,” मी म्हणाले.

“आज नाई का?”

“कधीच नाई. घरची गाडी हाय, तेच चालवतीन.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या हातांकडे.

“हे त्यानं सांगतलं?”

“मी सांगून राह्यली.”

युनूसभाई केबिनमध्ये चढले, डॅशबोर्डवरची कालची आपट्याची पानं उचलून माझ्या काळ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “शेठले मी समजावतो. बाबाले म्हणजो, युनूसनं सलाम सांगतला.” गाडी रिसोडच्या दिशेनं गेली. त्यांना परत हाक मारावी असं मला वाटून गेलं. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण लोकांना ही गोष्ट सांगताना मी ती धीटपणाची म्हणून सांगत आले. धीटपणा होताच. हाकही ओठांवर आली होती.

वाडग्यात माय पहारीवर तशीच ओणवी होती.

“काय म्हणे?” बाबांनी खालून विचारलं.

“गेले ते.”

“गेला? थांब म्हणलं होतं ना तुले.”

“मी त्यांले सांगतलं, तुमी येत नाई म्हून. कधीच.”

गाडीखालून फक्त बाबांचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत. मायनं माझ्याकडे पाहिलं, मग पहारीकडे. मला वाटलं आता बाबा बाहेर येतील, ओरडतील, रस्त्याकडे धावतील. गाडी अजून नाल्यापलीकडे गेलेली नव्हती, हाक मारली असती तर थांबलीही असती.

“जॅक घे,” बाबा म्हणाले. “एक दांडा वर.”

मी घेतला. खोबण बसली की नाही हे दिसत नाही, ते हाताला कळतं. जुडी एकदम खाली बसते आणि पहार हलकी होते. माय म्हणाली, “बसली.” बाबांनी यू बोल्ट आवळायला घेतले.

सुतळीच्या दोन्ही गाठी सारख्या आल्या. ऊन डोक्यावर यायच्या आत गाडी मारुतीपर्यंत जाऊन आली. माय आणि मी धुळीतले माग पाहत तिच्यामागे चालत गेलो. मागची चाकं पुढच्यांच्या मागावर पडत होती, फक्त देवळाजवळच्या वळणावर जराशी आत, जशी कोणत्याही गाडीची पडतात. पासिंगही मग झालं आणि हंगामही मिळाला. मी बी.ए. झाले, पुढे नोकरी लागली, आज निवृत्त होऊन वाशिमला राहते. रस्त्यानं एखादी ट्रॉली करकरत गेली की तिच्या पाट्यांना ऑइल नाही हे मला न पाहता कळतं, आणि जावई त्यावर हसतात. हसू देत.

त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा कालच्या पुरणपोळ्या मायनं तव्यावर गरम केल्या होत्या आणि कढी केली होती. बाबांनी रॉकेलनं हात धुतले होते तरी नखांत काळं राहिलंच होतं. दाढी अजून अर्धीच होती. ताटात काय आहे हे न पाहता ते बसले आणि जेवू लागले. माझ्याशी ते सकाळपासून कामापुरतंच बोलले होते. दुसरी पोळी संपवल्यावर मायकडे वळून म्हणाले,

“ऐकलं काय? पोरीनं माही नोकरी सोडून देली.”

मायनं त्यांच्या वाटीत कढी ओतली.

“बरं केलं,” ती म्हणाली. “तुमच्यानं ते झालं नसतं.”